कान मोजणारा काटा कोण तपासणार?

खामगावच्या बाजार समितीत सोयाबीनचे पोते काट्यावर चढले की कास्तकाराची नजर आधी आकड्याकडे जाते आणि मग काट्यावरच्या पडताळणीच्या शिक्क्याकडे. इलेक्ट्रॉनिक काट्याची दरवर्षी पडताळणी करून घ्यावी लागते, हे आता सगळ्यांना ठाऊक आहे. पोत्यामागे अर्धा किलोचा फरक निघाला तरी वाद होतो आणि तो व्हायलाच हवा.

हाच कास्तकार पन्नाशीनंतर कमी ऐकू येते म्हणून श्रवण चाचणीला बसतो. कानाला हेडफोन लागतो, बारीक ‘टूं’ असा स्वर येतो, ऐकू आला की तो बटण दाबतो. पंधरा-वीस मिनिटांत हातात आलेख पडतो. त्या आलेखावर श्रवणयंत्र ठरते, दिव्यांग प्रमाणपत्र ठरते, कधी नोकरीही ठरते. पण यंत्रावर ‘६० डेसिबल’ असा आकडा असताना हेडफोनमधून खरोखर तेवढाच आवाज आला का, हे कोणी विचारत नाही. कान मोजणारा हा काटाही तपासावा लागतो. तो ज्या उपकरणाने तपासतात, त्याला ध्वनिपातळी मापक म्हणजे साउंड लेव्हल मीटर म्हणतात. जुना मीटर बंद पडला की नवा कोणता घ्यायचा, हा प्रश्न दिसायला तंत्रज्ञाचा आहे. त्याच्या उत्तराचा परिणाम मात्र रुग्णावर होतो.

पाच डेसिबलने काय बिघडते?

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये श्रवणदोषाची व्याख्या आकड्यांत दिली आहे. दोन्ही कानांत, बोलण्याच्या वारंवारतांवर ७० डेसिबल ऱ्हास असेल तर ती व्यक्ती बधिर मानली जाते. ६० ते ७० डेसिबल असेल तर ती कमी ऐकू येणाऱ्यांच्या गटात येते. ५००, १०००, २००० आणि ४००० हर्ट्झ या स्वरांवरची सरासरी काढून ऱ्हास ठरवला जातो.

आता समजा, संग्रामपूर तालुक्यातला एक माणूस चाचणीला आला. त्याचा दोन्ही कानांतला खरा ऱ्हास ६२ डेसिबल आहे. चाचणीचे यंत्र, म्हणजे ऑडिओमीटर, दाखवतो त्यापेक्षा ५ डेसिबल जास्त आवाज देत असेल, तर या माणसाला स्वर लवकर ऐकू येईल आणि कागदावर ५७ लागतील. तो व्याख्येच्या बाहेर गेला. यंत्र ५ डेसिबलने कमी आवाज देत असेल, तर खरा ऱ्हास ५७ असलेल्या माणसाच्या कागदावर ६२ लागतील आणि तो आत येईल. दोघांपैकी कोणीही खोटे बोललेले नाही आणि तपासणाऱ्यानेही काम नीटच केले आहे.

लहान मुलांच्या बाबतीत तर प्रमाणपत्राच्याही आधी श्रवणयंत्राचा प्रश्न येतो. श्रवणयंत्राने आवाज किती वाढवायचा, हे याच आलेखावरून बसवले जाते. आलेख चुकला तर मुलाला आवाज कमी पडतो, नाहीतर इतका जास्त होतो की ते यंत्र काढून फेकते. घरचे म्हणतात, पोराला मशीन सहन होत नाही.

शून्य म्हणजे शांतता नव्हे

ऑडिओमीटरवरचा ‘० डेसिबल’ म्हणजे आवाज नाही, असे नव्हे. निरोगी कानाच्या तरुण माणसाला जेमतेम ऐकू येईल एवढा आवाज म्हणजे ते शून्य. आपला कान सगळ्या स्वरांना सारखाच संवेदनशील नसल्याने हे शून्य प्रत्येक स्वराला वेगळे आहे. श्रवण चाचणीत वर्षानुवर्षे वापरल्या गेलेल्या टीडीएच-३९ या हेडफोनसाठी २५० हर्ट्झला ते ध्वनिदाबाच्या २५.५ डेसिबलवर येते, १००० हर्ट्झला ७ वर आणि ४००० हर्ट्झला ९.५ वर. म्हणजे यंत्रावर ७० लावले, तर मीटरवर अनुक्रमे ९५.५, ७७ आणि ७९.५ यायला हवेत.

हे आकडे मोजमाप करून, सर्वांच्या संमतीने ठरवलेले आहेत. अमेरिकेत १९५१ साली ठरलेले शून्य १९३५-३६ च्या एका मोठ्या आरोग्य पाहणीवर आधारलेले होते. १९६४ मध्ये आंतरराष्ट्रीय मानक संघटनेने नवे शून्य सुचवले. ते सरासरी १० डेसिबलने खाली होते. अमेरिकेने ते १९६९ मध्ये स्वीकारले. मधल्या काळात एकाच कानाचा ऱ्हास एका यंत्रावर २० डेसिबल आणि दुसऱ्यावर ३० डेसिबल दिसू शकत होता. म्हणूनच आज शून्य कुठे आहे, हे जगभर एकाच तक्त्यावरून ठरते. आपल्या दवाखान्यातले यंत्र त्या तक्त्याशी जुळते की नाही, हे पाहणे म्हणजेच कॅलिब्रेशन.

पद्धत साधी वाटते. हेडफोनची एक बाजू धातूच्या एका छोट्या पोकळीवर ठेवतात. या पोकळीला कपलर म्हणतात आणि तिचे आकारमान ६ घन सेंटिमीटर असते. डोक्यावर हेडफोन जेवढा दाबून बसतो, साधारण तेवढा दाब यावा म्हणून वर सुमारे अर्ध्या किलोचे वजन ठेवतात. पोकळीच्या तळाशी मायक्रोफोन असतो आणि तो मीटरला जोडलेला असतो. एकेक स्वर वाजवायचा, मीटरवरचा आकडा तक्त्याशी ताडून पाहायचा. ४००० हर्ट्झपर्यंत ३ डेसिबल आणि ६००० व ८००० हर्ट्झला ५ डेसिबल इतका फरक चालतो. त्यापुढे गेला तर यंत्र दुरुस्त करायचे.

मीटर सारखेच दिसतात, असतात मात्र वेगळे

आवाज मोजणारा मीटर आपल्याला नवा नाही. गणेशोत्सवात डीजेसमोर पोलिसांच्या हातात तो दिसतो. निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा पाळली जाते का, हे त्यावर पाहतात. बाजारात दोन-तीन हजारांपासून मीटर मिळतात आणि मोबाइलमध्ये तर अ‍ॅप फुकट येते. मग ऑडिओमीटर तपासायला काही लाखांचा मीटर कशाला, असा प्रश्न खरेदीच्या फायलीवर हमखास येतो. त्याचे उत्तर गणितात आहे.

आंतरराष्ट्रीय विद्युततंत्र आयोगाच्या ६१६७२ क्रमांकाच्या मानकात मीटरचे दोन वर्ग आहेत. २०१३ च्या आवृत्तीप्रमाणे १००० हर्ट्झला पहिल्या वर्गाच्या मीटरला ०.७ डेसिबलची सूट आहे, दुसऱ्या वर्गाला १ डेसिबलची. इथे फारसा फरक नाही. ४००० हर्ट्झला मात्र पहिल्या वर्गाला १ आणि दुसऱ्याला ३ डेसिबलची सूट आहे. ८००० हर्ट्झला पहिला वर्ग वरच्या बाजूला १.५ आणि खालच्या बाजूला २.५ डेसिबलने चुकू शकतो, तर दुसरा वर्ग दोन्ही बाजूंना ५ डेसिबलने.

आता हे आकडे ऑडिओमीटरला दिलेल्या सवलतीशेजारी ठेवून पाहा. ४००० ला ३ आणि ८००० ला ५. दुसऱ्या वर्गाचा मीटर स्वतःच तेवढा चुकू शकतो, जेवढी चूक आपण त्याने शोधायला निघालो आहोत. ज्या काट्यात दोन किलोचा झोल असू शकतो, त्यावर दोन किलोची चोरी पकडता येत नाही. दुसऱ्या वर्गाचा प्रत्येक मीटर एवढा चुकतोच असे नाही, पण चुकला तरी तो मानकात बसतो. आणि ज्या मीटरवर वर्गच लिहिलेला नाही, त्याबद्दल कोणतीही हमी नाही.

वरच्या स्वरांवरची ही ढिलाई नेमकी नको त्या जागी येते. मोठ्या आवाजाने होणारी कानाची इजा सहसा ४००० हर्ट्झच्या आसपास आधी दिसते. जिनिंगमध्ये काम करणारा, ट्रॅक्टर चालवणारा, डीजेच्या गाडीवर राबणारा, या सगळ्यांच्या आलेखात पहिला खड्डा तिथेच पडतो. म्हणून ऑडिओमीटर तपासण्यासाठी नवा मीटर घ्यायचा तर पहिल्या वर्गाचाच घ्यावा. यात काटकसर करू नये.

खरेदीआधी पाहायच्या गोष्टी

वर्ग ठरला म्हणजे काम झाले असे नाही. मायक्रोफोन पाहावा लागतो. बहुतेक मीटरसोबत मोकळ्या हवेतला आवाज मोजण्यासाठी जुळवलेला मायक्रोफोन येतो. कपलरच्या बंद पोकळीत दाब मोजणारा मायक्रोफोन लागतो. मोकळ्या हवेतला मायक्रोफोन पोकळीत घातला तर वरच्या स्वरांना तो काही डेसिबल कमी दाखवतो. तंत्रज्ञाला वाटते, हेडफोन कमी वाजतोय. तो यंत्राचा आवाज वाढवतो. त्यानंतर येणाऱ्या प्रत्येक रुग्णाचे कान कागदावर आहेत त्यापेक्षा चांगले दिसू लागतात. मीटर महागातला आहे, प्रमाणपत्र आहे आणि तरीही चूक झालेली आहे. एकतर दाबाचा मायक्रोफोन घ्यावा, नाहीतर उत्पादकाने दिलेली दुरुस्ती प्रत्येक स्वराला लावावी.

जुना कपलर ठेवून फक्त मीटर बदलणार असाल, तर दोन्ही एकमेकांत बसतात का, हे आधी पाहा. जुन्या कपलरमध्ये बरेचदा एक इंची मायक्रोफोन बसतो आणि आजच्या मीटरवर अर्धा इंची असतो. मध्ये योग्य जोड लागतो. जुन्या मायक्रोफोनला मीटरकडून २०० व्होल्टचा दाब लागत असे, नव्या मीटरमधून तो बहुधा मिळत नाही. कायमचा विद्युतभार असलेला मायक्रोफोन या दाबाशिवाय चालतो आणि पावसाळी दमट हवेतही जास्त भरवशाचा ठरतो. कोणताही असला तरी त्याचा पडदा अतिशय नाजूक असतो. त्याला बोट लावायचे नाही आणि धूळ तर अजिबात लागू द्यायची नाही.

मग मीटरवरचे पर्याय. गोंगाट मोजताना ‘ए’ मापन वापरतात, कारण ते माणसाच्या कानाप्रमाणे खालचे स्वर कमी धरते. कॅलिब्रेशनला हे चालत नाही. २५० हर्ट्झचा स्वर ‘ए’ वर मोजला तर आकडा साडेआठ डेसिबलच्या आसपास कमी येतो. इथे कोणताही स्वर कमी-जास्त न धरणारे सपाट मापन लागते. मीटरवर ते ‘झेड’ या नावाने असते. सोबत एकेक स्वरपट्टा वेगळा काढणारा फिल्टर असावा, म्हणजे बाहेरून गेलेल्या एसटीचा घरघराट मोजमापात मिसळत नाही. आकडा दशांश डेसिबलपर्यंत दिसावा. मीटरचा स्वतःचा अंगभूत आवाजही कमी हवा. चाचणीची खोली पुरेशी शांत आहे का, हेही याच मीटरने पाहायचे असते आणि तीस डेसिबलच्या खाली उतरू न शकणारा मीटर त्या कामाचा नाही.

मीटरसोबत त्याचा स्वतःचा छोटा तपासनीस घ्यावाच लागतो. तो ठरलेला आवाज देतो, बहुधा १००० हर्ट्झला ९४ डेसिबल, आणि मोजणीच्या आधी व नंतर मीटर तेवढेच दाखवतो का, हे पाहायचे. काही ठिकाणी यासाठी पिस्टनफोन वापरतात. त्याचा आवाज हवेच्या दाबावर अवलंबून असतो. बुलडाणा शहर घाटावर, समुद्रसपाटीपासून सुमारे साडेसहाशे मीटर उंचीवर आहे. इथे हवेचा दाब कमी असल्याने पिस्टनफोन समुद्रकाठच्या तुलनेत सुमारे पाऊण डेसिबल कमी देतो. घाटाखाली शेगाव-मलकापूरकडे हा फरक बराच कमी होतो. म्हणून त्याच्यासोबत येणारा दाबमापक पेटीत पडून राहू देऊ नये. दुरुस्ती न करता मुंबईचा आकडा बुलडाण्यात वापरला, तर ३ डेसिबलच्या सवलतीतले पाऊण डेसिबल इथेच संपले.

आपल्याकडचे हेडफोन कोणते आहेत, हेही खरेदीआधी मोजून घ्यावे. कानावर बसणाऱ्या हेडफोनला ६ घन सेंटिमीटरचा कपलर लागतो. कानात घालायच्या इअरफोनला २ घन सेंटिमीटरचा लागतो आणि त्याचा तक्ताही वेगळा. कानामागच्या हाडावर लावायच्या कंपकासाठी तर आवाज मोजून भागतच नाही, कृत्रिम हाडासारखे वेगळे उपकरण लागते. दोष मधल्या कानात आहे की आतल्या, हे या हाडाच्या चाचणीवरूनच कळते. तेव्हा फक्त मीटर आणि कपलर घेऊन ‘पूर्ण कॅलिब्रेशन’ झाले, असे कोणी सांगत असेल तर कंपकाचे काय, एवढे विचारावे.

प्रत्येकाने घ्यायलाच हवा का?

एकच ऑडिओमीटर असलेल्या दवाखान्याने वर्षातून एकदा लागणाऱ्या कामासाठी हा सगळा संच घेणे परवडणारे नाही आणि गरजेचेही नाही. मीटर घेतला की त्याचेही कॅलिब्रेशन ठरावीक मुदतीने करून घ्यावे लागते. त्याची साखळी दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेतल्या मूळ मापापर्यंत पोहोचली पाहिजे. एनएबीएलची मान्यता असलेल्या प्रयोगशाळेचे प्रमाणपत्र ही त्याची खूण. स्वस्तातला मीटर घेऊन स्वतः समाधान करून घेण्यापेक्षा, चांगला संच असलेल्या तंत्रज्ञाला दरवर्षी बोलावणे शहाणपणाचे. म्हैसूरची अखिल भारतीय वाक् व श्रवण संस्था ऑडिओमीटरच्या कॅलिब्रेशनचे काम करते.

जिल्ह्यासाठी मात्र वेगळा हिशेब मांडता येतो. बुलडाणा जिल्ह्यात तेरा तालुके आहेत. राष्ट्रीय बधिरता प्रतिबंध व नियंत्रण कार्यक्रम २००७ पासून देशात सुरू झाला आणि त्यात जिल्हा पातळीवर श्रवण चाचणीची सोय करण्यावर भर आहे. खासगी दवाखाने, श्रवणयंत्रांची दुकाने, कर्णबधिर मुलांच्या शाळा, शिबिरांसाठी फिरणारी यंत्रे, सगळी धरली तर एका चांगल्या संचाला वर्षभर काम आहे. शेजारच्या एक-दोन जिल्ह्यांनी मिळून पहिल्या वर्गाचा एक मीटर, दोन्ही कपलर आणि हाडाच्या कंपकाचे उपकरण घेतले आणि ते हाताळणारा एक माणूस नीट शिकवून तयार केला, तर दहा ठिकाणी दहा साधे मीटर घेण्यापेक्षा पैसा कमी लागेल आणि आकडे जुळतील.

नवा संच आल्यावर एक काम विसरू नये. यंत्राला हात लावण्याआधी ते किती चुकत होते, हे आधी लिहून ठेवावे. थेट दुरुस्ती करून हिरवा स्टिकर लावला, तर ती चूक कायमची पुसली जाते. यंत्र ८ डेसिबलने चुकत होते असे निघाले, तर मागच्या कॅलिब्रेशननंतर त्यावर तपासलेले आणि मर्यादेच्या काठावर असलेले रुग्ण पुन्हा बोलावले पाहिजेत. हे कोणालाच आवडत नाही. पण काटा चुकला हे कळल्यावर आधीचे वजन तसेच ठेवता येत नाही.

दोन कॅलिब्रेशनच्या मधल्या काळात रोज सकाळी पाच मिनिटे पुरतात. चाचणी घेणाऱ्याने स्वतःच्या कानावर यंत्र ऐकून पाहायचे, वायर हलवून खरखर येते का ते पाहायचे, स्वतःचा नेहमीचा आलेख आणि आजचा ताडायचा. एखाद्या स्वरावर १० डेसिबलचा फरक दिसला तर त्या दिवशी यंत्र बंद. हेडफोन खाली पडला तर तो पुन्हा तपासल्याशिवाय वापरायचा नाही. आणि एका यंत्राचा हेडफोन दुसऱ्याला कधीच लावायचा नाही, कारण कॅलिब्रेशन हे यंत्र आणि हेडफोन या जोडीचे असते. शिबिराच्या घाईत हा नियम सर्वांत जास्त मोडतो.

रुग्णाने काय विचारावे?

चाचणीला जाणाऱ्यांनी तीन गोष्टी विचारायला हरकत नाही. यंत्राचे कॅलिब्रेशन शेवटचे कधी झाले? ते ज्या मीटरने केले, त्याचे प्रमाणपत्र आहे का? हाडाचा कंपकही तपासला होता का? यात डॉक्टरांवर अविश्वास नाही. चांगला ऑडिओलॉजिस्ट हे प्रश्न ऐकून रागावणार नाही, तारीख दाखवेल. आकडा ६० च्या आसपास असेल आणि त्यावर प्रमाणपत्र अवलंबून असेल, तर दुसऱ्या, नुकत्याच तपासलेल्या यंत्रावर पुन्हा चाचणी मागायला संकोच करू नये.

मोठ्या आवाजाने किंवा वयाने गेलेले ऐकणे सहसा परत येत नाही. जे उरले आहे त्याचे माप तरी बरोबर लागले पाहिजे. पोते मोजताना आपण शिक्का पाहतोच, आता कान मोजतानाही पाहायची सवय लावून घेऊ या.